दप्तर सोपवताना



आज पहाटे मी इथल्या मैलापूरच्या सान्थोम महामंदिरात जाऊन आलो. सध्याची इमारत १८९६ सालची, पण तिच्या पोटातली समाधी संत थोमाची, अशी मैलापूरची फार जुनी श्रद्धा आहे. थोमाला आपण संशयी म्हणतो. मला मात्र तो जखमेला हात लावण्याचा हट्ट धरणारा शिष्य वाटतो. अडतीस वर्षं पाळक म्हणून राबल्यावर त्या समाधीपाशी गुडघे टेकले, तेव्हा हाच हट्ट आपल्या सेवेचा पाया आहे, हे मनोमन पटलं.

गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. शेवटच्या दिवशी नव्या पाळकांच्या हाती किल्ल्यांचा जुडगा दिला आणि मंडळीचं दप्तर दिलं. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन अशा तीन नोंदवह्या. देण्याआधी रात्रभर मी त्या चाळत बसलो. एका मुलीचा बाप्तिस्मा माझ्या हातचा, तिचं लग्न माझ्या हातचं, तिच्या लेकाचा बाप्तिस्माही माझ्याच हातचा. दफनाच्या वहीत त्याच लेकाचं नाव आहे; वय नऊ महिने. त्या नोंदीला दोन ओळी पुरल्या. बाळ गेलं त्या रात्री मी त्या घरी पहाटेपर्यंत बसलो होतो. आजीनं बाळाचं झबलं शंभरदा घडी केलं आणि शंभरदा उलगडलं. मला एकही वचन सुचेना, म्हणून मी तिच्याजवळ नुसता बसून राहिलो. पुढं कितीतरी वर्षांनी ती म्हणाली, "पाळकसाहेब, तुम्ही बोलला नाहीत म्हणून मला रडता आलं." एवढी मोठी गोष्ट दप्तरात कुठंच नाही.

एक चूकही सांगतो. उमेदीच्या काळात एका आजारी म्हातारीचा निरोप आला. मी कमिटीच्या बैठकीत होतो. बैठक संपवून संध्याकाळी गेलो, तोवर तिचा श्वास थांबला होता. बैठकीत काय ठरलं ते आज मला आठवत नाही. उशाशी माझ्यासाठी मांडून ठेवलेली रिकामी खुर्ची अजून डोळ्यांसमोर आहे. त्या दिवसापासून आजाऱ्याचा निरोप आला की मी हातातला कागद तसाच ठेवून निघालो.

दप्तरात न मावणाऱ्या सेवेची एक खूण इथून दक्षिणेला, तंजावरात आहे. आपल्या भोसल्यांचं तंजावर. तिथं ख्रिस्तियान फ्रीडरिश श्वार्त्झ नावाचे जर्मन मिशनरी राहत. १७५० साली ते या किनाऱ्यावर उतरले आणि १७९८ साली तंजावरातच निवर्तले. तुळजाजीराजांनी मृत्यूपूर्वी आपला दत्तक मुलगा सरफोजी त्यांच्या भरवशावर सोपवला. सरफोजीराजे अखेरपर्यंत आपल्या धर्मात राहिले. पण गुरू गेल्यावर त्यांनी लंडनच्या जॉन फ्लॅक्समनकडून संगमरवरी शिल्प घडवून घेतलं. मृत्युशय्येवरचे श्वार्त्झ आणि त्यांचा हात हातात घेतलेले सरफोजी, असं ते शिल्प आजही तंजावरच्या चर्चमध्ये आहे. श्वार्त्झांच्या वहीत या शिष्याच्या बाप्तिस्म्याची नोंद नाही. तरी अठ्ठेचाळीस वर्षांच्या सेवेची याहून मोठी पावती मला माहीत नाही.

अशी सेवा भाषेवाचून होत नाही. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले ते कायमचे. साष्टीच्या लोकांत आयुष्य काढल्यावर, उतारवयात, १६१६ साली त्यांचं 'ख्रिस्तपुराण' छापून निघालं. त्या ओव्यांमागं तीन तपं ऐकलेली माणसांची बोली आहे. पदावाचून मात्र सेवा चालू राहते. रेव्हरंड टिळकांनी १९१७ साली मिशनची पगारी चाकरी सोडली. सेवा मात्र १९१९ साली डोळे मिटेपर्यंत चालू ठेवली. निवृत्ती पदाची असते, हे त्यांनी आपल्याला जगून दाखवलं.

आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई! शाळेचं रीतसर शिक्षण नसलेल्या या माउलीनं 'स्मृतिचित्रे' लिहिली. मराठी ख्रिस्ती घराचा संसार, त्यातली ओढाताण, आलेगेले, पोरकी पोरं, हे सारं तिच्यामुळं मराठीत टिकलं. कोणत्याही मिशनच्या अहवालाला ते साधलं नाही. माझ्या घरातही अडतीस वर्षं दाराची कडी वाजली की आधी माझी पत्नीच उठली. रात्री आलेल्याला तिनं आधी चहा-भाकर दिली, मग मला हाक मारली. तिला कधी पगार नव्हता, म्हणून निवृत्तीचा सत्कारही झाला नाही. आज या व्यासपीठावरून मी तिच्यापुढं हात जोडतो.

तरुण पाळकांनो, तुम्हाला दोनच गोष्टी सांगतो. उपदेशाची तयारी करा, पण त्याआधी मंडळीतल्या प्रत्येक घराचा उंबरा ओलांडा. आणि शहरातल्या मुलांना मराठी उपासना अवघड जाते म्हणून ती गुंडाळून ठेवू नका. त्यांच्यापाशी बसून शिकवा. माणूस शेवटच्या घटकेला लहानपणच्या भाषेतच प्रार्थना मागतो, हे मी अनेक खाटांपाशी ऐकलं आहे.

माझ्याबरोबरच्या निवृत्त सोबत्यांनो, आपल्या जुन्या मंडळीत नव्या पाळकाचा न्याय करायला जाऊ नका. त्याच्यासाठी प्रार्थना करा आणि आपण लिहायला बसा. विश्वासानं कानात सांगितलेलं कानातच राहू द्या. ते आपल्याबरोबर मातीत जाईल. पण चर्चची घंटा वाजवणारा, बायबल घेऊन पायी गावं पालथी घालणारी बायबलबाई, वसतिगृहात शंभर पोरांच्या भाकऱ्या थापणारी मावशी, यांची चरित्रं आपल्याखेरीज कोण लिहिणार? घरी पोहोचलात की एक साधी वही घ्या. पाळकीणबाईंना शेजारी बसवा, कारण निम्म्या आठवणी त्यांच्यापाशी आहेत. दप्तरात ज्याच्या वाट्याला दोन ओळी आल्या, अशा एका माणसाविषयी दोन पानं लिहा. पुढच्या संमेलनाला ती पानं बरोबर आणा.