ग्रंथ एक, क्रमांक अनेक
(मंडळाच्या सर्जापूर रोड परिसरातील सभासदांपुढे दिलेले भाषण)



पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात वाचक पुस्तक हाती घेतो, चार पाने उलटतो आणि मग पैसे देतो. सर्जापूर रोडवर राहणाऱ्या आपणांस मात्र मराठी पुस्तक बहुधा न चाळताच मागवावे लागते. अशा वेळी एकाच नावापुढे तीन-चार निरनिराळे आय.एस.बी.एन. क्रमांक दिसले, की यांतला खरा कोणता, असा संभ्रम पडतो.

उत्तर असे की, ते सारेच खरे असू शकतात. हा क्रमांक साहित्यकृतीचा नव्हे. बाजारात येणाऱ्या तिच्या विशिष्ट रूपाचा आहे. ब्रिटनमध्ये पुस्तकव्यवहाराच्या सोयीसाठी नऊ अंकी क्रमांक निघाला. १९७० साली तो दहा अंकी आंतरराष्ट्रीय प्रमाण झाला आणि १ जानेवारी २००७ पासून तेरा अंकी. त्या संक्रमणकाळातील पुस्तकांवर म्हणूनच कधी कधी दोन्ही क्रमांक आढळतात.

भारतीय पुस्तकावर ९७८ नंतरचे ८१ किंवा ९३ हे अंक आपल्या देशाचे. त्यापुढे प्रकाशकाची खूण, मग पुस्तकाची, आणि अखेरीस आधीचे अंक पडताळून पाहणारा एक अंक. प्रकाशक बदलला की क्रमांक बदलणे ओघानेच आले. भाषेची खूण मात्र त्यात नाही. मराठी आणि कन्नड पुस्तके त्याच अंकांखाली शेजारी नांदतात.

साने गुरुजींची 'श्यामची आई' घ्या. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक. गुरुजी १९५० साली गेले. आपल्या कायद्याने लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो. म्हणून १ जानेवारी २०११ पासून ते कोणासही छापण्यास मोकळे झाले. अनेकांनी ते काढले. प्रत्येकाचा क्रमांक वेगळा. शिवाय पक्क्या बांधणीचा वेगळा, कागदी बांधणीचा वेगळा, संगणकावर वाचावयाच्या प्रतीचा आणि बोलक्या पुस्तकाचा आणखी वेगळा. शांता गोखले यांच्या इंग्रजी भाषांतराचा तर स्वतंत्रच. उलट, मजकूर न बदलता केलेल्या पुनर्मुद्रणाला नवा क्रमांक लागत नाही. आपले प्रकाशक प्रत्येक छपाईस 'आवृत्ती' म्हणतात; त्यामुळे दहाव्या आवृत्तीवरही पहिलाच क्रमांक दिसला, तर नवल नाही.

मात्र एक सावधगिरी बाळगावी. क्रमांक ओळख पटवतो, गुणवत्तेची ग्वाही देत नाही. मुलांसाठी संक्षिप्त केलेली प्रत आणि संपूर्ण प्रत, दोहोंवर नाव एकच असू शकते. जी मुले घराबाहेर मराठी फारशी ऐकत नाहीत, त्यांच्या हाती गुरुजींची भाषा पडते की तिचा केवळ गोषवारा, हा प्रश्न लहान नव्हे. म्हणून मागणी करताना नावासोबत क्रमांक, प्रकाशक आणि 'संपूर्ण की संक्षिप्त' हे तिन्ही पाहावे. मंडळाच्या ग्रंथालयानेही तशीच नोंद ठेवावी.

आणि आपल्या आईवडिलांनी ट्रंकेतून आणलेल्या ज्या जुन्या ग्रंथांवर कोणताच क्रमांक नाही, ते रद्दीत जाऊ देऊ नयेत. कोणत्याही यंत्राला क्रमांकावरून त्यांचा शोध लागणार नाही. त्यांची ओळख सांगणारे आता आपणच आहोत.