गोठ्यातली जीप

मी बपेऱ्याहून आले आहे. तुमसरहून निघालेला रस्ता सिहोरा, मग आमचं गाव आणि पुढे बालाघाटकडे जातो, ते बपेरा. मला सांगितलं होतं की गटाच्या कामाबद्दल बोला. पण गेल्या दिवाळीपासून माझ्या डोक्यात एकच विषय आहे, आमच्या घरची जुनी जीप. तेव्हा आज तेवढं ऐकून घ्या.

जीप आमच्या मामाजींची, म्हणजे सासऱ्यांची. महिंद्राची, पेट्रोलवर चालणारी. आर.सी. बुकावर साल आहे १९७०. एका सरकारी लिलावात त्यांनी ती घेतली, तेव्हाच ती म्हातारी होती. त्या काळी फोन केला आणि रुग्णवाहिका आली, असं नव्हतं. कोणाची बाळंतपणाची वेळ आली, कोणाला साप चावला की लोक रात्री आमच्याच दारात. पावसाळ्यात चिखलातून तुमसर गाठायचं तर चारही चाकं ओढणारी गाडी लागायची. माझा थोरला मुलगाही त्याच जीपमधून तुमसरला गेला. जाताना माझ्या पोटात होता, येताना मांडीवर.

पुढे पेट्रोल परवडेना. सगळ्यांनी केलं तेच आम्ही केलं. पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलं. जुनं इंजिन ताडपत्रीत गुंडाळून गोठ्यात ठेवलं, त्यावर तणस पडत गेली. काही वर्षांनी डिझेलचं इंजिनही बसलं. मग जीप चौदा वर्षं उभी. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या, आणि खोटं कशाला बोलू, त्या सोयीमुळे मला जीपची आठवणही होत नव्हती.

गेल्या दिवाळीनंतर भंगारवाला आला. मुलगा म्हणाला, आई, देऊन टाकू. नाहीतर हरियाणातल्या मंडी डबवालीला जीपच्या नव्या बॉड्या बनतात, तशी आणू, रुंद टायर लावू, झकास दिसेल. मामाजी ऐंशीच्या पुढचे, आता नजर कमी झाली आहे. त्यांनी एवढंच विचारलं, "जुनं इंजिन कुठं आहे?"

मी पेटीतून आर.सी. बुक काढलं. गटाची वही लिहायची सवय असल्यामुळे माझी नजर आधी आकड्यांवर जाते. बुकात इंजिन नंबर लिहिलेला होता. जीपमधल्या डिझेल इंजिनाचा नंबर वेगळा निघाला. बदल करताना आर.टी.ओ.कडे नोंदच केली नव्हती. मग गोठ्यातलं इंजिन ओढून काढलं, नारळाच्या काथ्याने घासलं. नंबर उमटला आणि तो बुकातला होता तोच!

इथे मला कळलं की हा हौसेपुरता प्रश्न नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे गाडीत कंपनीच्या मूळ नोंदीशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच सांगितलं. इंजिन बदलायचं तर रीतसर परवानगी आणि बुकात नोंद लागते. आमची गाडी कागदावर एक आणि दारात दुसरीच होती. उद्या अपघात झाला असता तर कोणत्या तोंडाने विमा मागणार होतो? २०२१ च्या जुलैत आणखी एक नियम आला. पन्नास वर्षांवरची दुचाकी किंवा चारचाकी तिच्या मूळ रूपात असेल, चेसिस, बॉडी, इंजिन यांत फेरफार नसेल, तर तिची 'व्हिंटेज' म्हणून नोंद होते. नंबरात व्ही.ए. ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांनी पुन्हा करायची तर ५,०००. पण अशी गाडी रोज फिरवता येत नाही, भाड्याने तर नाहीच. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती एवढ्यासाठीच बाहेर काढायची. आम्ही ती नोंद करायची की नाही हे अजून ठरवलेलं नाही. पण गाडी मूळ रूपात आणायची, हे त्या दिवशी ठरलं.

आता या जीपची गंमत सांगते. तिचा नमुना अमेरिकेच्या विलीस कंपनीचा, १९५३ सालचा. नाव सी.जे. ३ बी. अमेरिकेत ती १९६८ ला बंद झाली, आपल्याकडे महिंद्राने पुढेही बनवली. तिचं बोनेट इतर जुन्या जीपपेक्षा उंच असतं. त्याचं कारण इंजिन. त्यात पेट्रोलची हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर बाहेर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये. वरच्या व्हॉल्व्हमुळे इंजिनाची उंची वाढली, म्हणून झाकणही उंच करावं लागलं. सासूबाई भरल्या डब्यावर झाकण बसेना की मोठं झाकण शोधायच्या, तसंच हे.

काम तुमसरच्या एका जुन्या मिस्त्रीकडे दिलं. माझी एकच अट होती, मी सांगितल्याशिवाय काही फेकायचं नाही. प्रत्येक भाग काढण्याआधी मुलगा मोबाईलवर फोटो काढायचा. नटबोल्ट लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत, वर चिठ्ठी: 'डावं मडगार्ड, सहा बोल्ट'. वहीत तीन रकाने केले. मूळ भाग आहे, मूळ पण जुना मिळाला, नवीन नक्कल. तिसरा रकाना वाढला की जीव कासावीस व्हायचा.

नकलेवरून आठवलं. एका मोठ्या शहरातल्या दुकानातून पाण्याचा पंप मागवला. खोकं अगदी ओरिजिनल. आठवड्यात गळायला लागला. मिस्त्रीने जुना आणि नवा शेजारी ठेवून दाखवलं. जुन्यावर नंबर ओतीव होता, धातूतूनच वर आलेला. नव्यावर तो नव्हताच. खोकं खरं होतं, आतला पंप नव्हता. दुकानदाराने पैसे परत दिले नाहीत. शेवटी जुनाच पंप नवीन सील आणि बेअरिंग घालून बसवला. तेव्हापासून मी ठरवलं, झिजलेला खरा भाग दुरुस्त होत असेल तर चकचकीत नक्कल घ्यायची नाही. शिलाई मशीनच्या बॉबिन केसचा अनुभव तुम्हालाही असेलच.

टायरचा किस्सा ऐका. जीपचं माप ६.००-१६. दुकानदार म्हणाला, हे तर माझ्याकडे ढीगभर आहेत. दाखवले तर ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचे, उभ्या तीन पट्ट्यांचे! माप तेच, पण ते शेतातल्या सावकाश कामासाठी असतात. रस्त्यावर जीपला लावले असते तर ब्रेक मारताना कळलं असतं.

रेडिएटरच्या टाक्या पितळेच्या. मिस्त्री म्हणाला, नवीन घ्या. म्हटलं, भंडारा जिल्ह्यात राहून पितळेसाठी बाहेर जायचं? भंडाऱ्यात भांड्यांचं काम करणाऱ्या एका कारागिराने डाग देऊन दिला, एक थेंब गळत नाही.

पेट्रोलची टाकी या जीपमध्ये चालकाच्या सीटखाली असते. आत गंज होता. बारीक गिट्टी आणि साबणाचं पाणी घालून मी आणि जाऊ, दोघींनी अंगणात ती तासभर हलवली. शेजारणी बघायला जमल्या. एक सांगते, पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी घरी वेल्डिंग करू नका, आतली वाफ पेट घेते.

सगळंच मूळ ठेवलं असंही नाही. वायरिंगचं आवरण हाताला लावलं की गळत होतं, ते पूर्ण नवीन केलं. पेट्रोलच्या रबरी नळ्याही बदलल्या. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला सोसत नाही. आणि हे इथेनॉल तुटक्या तांदळापासूनही करतात म्हणे, म्हणजे आपली कनकी गाडीत! इथे मूळपणाचा हट्ट धरणारे माझ्यावर रागावतील. रागावोत. आग लागली तर मूळ काय उरणार?

खरं भांडण झालं स्टिअरिंगवरून. ही जीप लेफ्ट हँड, चालक डावीकडे बसतो. अमेरिकन नमुना तसाच आपल्याकडे वर्षानुवर्षं बनत राहिला, म्हणून मागे 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' असं रंगवलेलं असायचं. मुलगा म्हणाला, उजवीकडे घेऊ, ओव्हरटेक करताना समोरचं दिसत नाही. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. दोन दिवस घरात कोणी धड बोललं नाही. शेवटी मामाजी म्हणाले, "ओव्हरटेक करू नको ना मग." स्टिअरिंग डावीकडेच राहिलं.

रंगही असाच सापडला. डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला रंगाचे थर घासत गेलो. लाल, मग निळा, मग खाली राखाडी-हिरवा. तोच लावला. उजव्या मडगार्डला एक पोचा आहे. मिस्त्री ठोकून सरळ करणार होता. मामाजींनी हात फिरवला आणि एका पावसाळी रात्रीचं, पुलाच्या कठड्याचं आणि मागे कण्हणाऱ्या बाईचं सांगितलं. ती बाई वाचली, आज तिची नातवंडं शाळेत जातात. पोचा तसाच ठेवला. लिलावाआधीचा तो नाही, म्हणजे कंपनीच्या हिशेबात चूकच. पण माझ्या वहीत तो पहिल्या रकान्यात आहे.

पैशाचं विचाराल तर यात नफा नाही. दोन वर्षांच्या बकऱ्या गेल्या, थोडं धानाचं आलं. गटाचं कर्ज मी यासाठी घेतलं नाही आणि कोणी मागितलं तर अध्यक्ष म्हणून मी सही करणार नाही. ते कर्ज कमाईच्या कामाला.

रोवणीच्या आधी इंजिन सुरू झालं. मामाजींना उजवीकडच्या सीटवर बसवून मुलाने बपेरा ते सिहोरा फेरी मारली. परत आल्यावर मामाजी म्हणाले, दुसरा गिअर अजून कुरकुरतो. तो दुरुस्त करायचा आहे.

आणि दोन वस्तू अजून मिळालेल्या नाहीत. एक, टाकीचं मूळ झाकण. सध्या दुसऱ्याच गाडीचं लावलं आहे. दुसरी, मागची फळी धरून ठेवणारी साखळी, आकड्यासकट. आमच्याकडे एकच बाजू आहे. चिखला, डोंगरी बुजुर्गच्या खाणींकडे, जंगलाच्या गावांत अशा जीप पुष्कळ होत्या. कोणाच्या गोठ्यात, माळ्यावर अशी साखळी पडली असेल, बकरी बांधायला वापरत असाल, तर गटाच्या बैठकीत निरोप द्या. मी बदल्यात नवीन साखळी देईन, बकरी सुटणार नाही.