पाच रुपयांची भेळ

शाळांमधून भरणारा ‘आनंद बाजार’ तुम्ही पाहिला असेल. घरून आणलेले जिन्नस मुलं विकतात, आपण कौतुकानं घेतो. पेणला रामवाडीतल्या अशाच एका बाजारात मीही गिऱ्हाईक म्हणून गेलो होतो.

तिसरीतल्या दोन मुली शेजारी बसलेल्या. दोघींकडे भेळच, दोघींचा भाव १० रुपये. गिऱ्हाईक पलीकडे वळतंय म्हटल्यावर एकीनं भाव ८ केला. दुसरीनं थेट ५! अर्ध्या तासात तिचं पातेलं रिकामं. टाळ्याही तिलाच. आठवालीचे डोळे भरून आले.

मी दोघींना जवळ घेतलं. “कुरमुरे, फरसाण, चिंच... पैसे कुणी दिले?”

“आईनं.”

हिशेब मांडला. पाचवालीला एक पुडा ७ रुपयांना पडला होता. ३० पुडे, म्हणजे आईचे ६० रुपये गेले. पोर गप्प झाली. मग म्हणाली, “पण जिंकले मीच ना? आमचे काका पण कारखान्यात भाव पाडतात.”

पेणमध्ये कारखाना म्हणजे गणपतीचा, हे सांगायला नकोच. शाडूची मूर्ती जड, वाळायला वेळ घेणारी, प्रवासात तडकणारी. प्लास्टर साच्यात ओतलं की मिनिटांत घट्ट होतं. मूर्ती हलकी आणि स्वस्त. पण ती पाण्यात सहजी विरघळत नाही. तो खर्च मूर्तीच्या किमतीत धरलेला नसतो, आईच्या ६० रुपयांसारखाच. २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक तत्त्वांनी प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्या घडवायला मुभा दिली, विसर्जनावर मात्र बंधनं ठेवली. मी कारागिरांना दोष देत नाही. हमरापूर, जोहे भागातली कितीतरी घरं या धंद्यावर चालतात, आणि स्वस्त मूर्ती मागणारे आपणच असतो.

एवढं सगळं आठ वर्षांच्या मुलीला कसं सांगावं? मी एवढंच म्हणालो, “आईला विचार, पुढच्या वर्षी पैसे देशील का.”

पुढच्या वर्षी मुद्दाम गेलो. पाचवालीचा भाव १० होता आणि भेळेत शेंगदाणे होते. आठवाली भाजलेले पोह्याचे पापड घेऊन तिच्याच शेजारी बसली होती. “हिच्या भेळेबरोबर खपतात,” म्हणाली.

सात पापड उरले होते. ते मी घेतले. भाव मात्र तिनं एक रुपयानंही कमी केला नाही.