चित्रकार वासुदेव गायतोंडे
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त पांढुर्णा येथे केलेले भाषण)



चित्रकलेवर बोलण्याचा आम्हांस काडीचाही अधिकार नाही. तरी उभे राहिलो, ह्यास एक कारण घडले. आपल्या शिष्यवृत्ती-समितीपुढे एका मुलीचा चित्रकलेच्या शिक्षणासाठी अर्ज आला होता. 'ह्यावर पोट कसे भरणार?' असे म्हणून आम्हीच तो बाजूस ठेवावयास लावला. पुढे मनाला रुखरुख लागली. अर्जात तिने वासुदेव गायतोंडे ह्यांचे नाव लिहिले होते. म्हणून त्यांची माहिती मिळवून वाचली.

गायतोंडे घराणे गोव्याकडचे. पण ह्यांचा जन्म १९२४ साली नागपुरास, म्हणजे आपल्या पांढुर्णा-सौंसरच्या मंडळींच्या नेहमीच्या जाण्यायेण्याच्या गावी. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका त्यांनी १९४८ साली घेतली. आरंभी ते माणसे, आकृती काढीत. पुढे चित्रांतून माणूस गेला, झाड गेले, घर गेले. उरला तो रंग आणि त्यातून झिरपणारा उजेड. ह्या चित्रांना 'अमूर्त' म्हटलेले त्यांना रुचत नसे. आपली चित्रे वस्तुनिरपेक्ष आहेत, असे ते म्हणत. १९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. तेथे त्या काळी मार्क रॉथको ह्यांच्यासारखे चित्रकार केवळ रंगांची विस्तीर्ण क्षेत्रे रंगवीत होते.

गायतोंडे रूळ आणि सुरी घेऊन रंगाचे थरावर थर देत, खरवडीत, आणि थांबत. वर्षाकाठी चित्रे होत ती पाचसहा. आपल्या बागाईतदारांना ह्याचे नवल वाटू नये. आंबिया बहार धरावयाचा तर आधी पाणी तोडून बागेला ताण द्यावा लागतो. बाहेरच्याला वाटते, मालक हातावर हात ठेवून बसला आहे!

१९७१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या मध्यप्रदेश शासनानेही कालिदास सन्मान दिला. १९७२ पासून ते दिल्लीस, निजामुद्दीन भागात लहानशा जागेत एकटेच राहिले. १९८४ च्या अपघातानंतर काही वर्षे मोठी चित्रे थांबली. २००१ साली ते वारले, तेव्हा फारसा गाजावाजा झाला नाही. २०१३ साली मुंबईच्या लिलावात त्यांचे एक चित्र २३ कोटींहून अधिक रुपयांस गेले. हा आकडा ऐकला की श्रोते सावरून बसतात, म्हणून मुद्दाम शेवटी सांगितला. त्यांतली दिडकीही त्यांच्या हाती पडली नाही.

तेव्हा आमचा पोटाचा प्रश्न खोटा नव्हता, आजही नाही. पण तो प्रश्न त्या मुलीने सोडवावयाचा आहे. आम्ही तिची वाटच अडवून बसलो होतो. तिचा अर्ज येत्या बैठकीत पुन्हा ठेवावा, असे पत्र आम्ही चिटणीसांस दिले आहे. निम्मी फी ट्रस्टने द्यावी; उरलेल्या फीची तजवीज आम्ही करू.