सौदा, संचकार आणि व्यवहार



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजले जाते, त्यांचा सारा जन्म मुलांना शब्द नीट वापरायला शिकवण्यात गेला. म्हणून आज एखाद्या थोर ग्रंथाविषयी न बोलता एका साध्या, रोजच्या शब्दाविषयी बोलावे असे मी योजिले आहे. तो शब्द आपला नव्हे. पण पाहुणा म्हणून आला आणि आता घरधनी होऊ पाहत आहे. तो शब्द म्हणजे 'डील'. जागेचे डील झाले, गाडीचे डील फिसकटले, दोन पक्षांमध्ये डील झाले. ते 'झाले' म्हणावे की 'झाली', याचा निर्णय अजून मराठीने केलेला नाही; पण वापर मात्र अखंड चालू आहे.

परका शब्द आला म्हणून माझी तक्रार नाही. तशी तक्रार करायची तर 'सौदा' हा फारसीतून आलेला शब्द आधी सोडावा लागेल, आणि मूळचे अरबी असलेले 'वायदा', 'करार', 'दलाल' हेही सोडावे लागतील. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशात फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. त्याच्या दहा वर्गांपैकी शेवटचा 'पण्यवर्ग', म्हणजे बाजारपेठेचा आहे. तरीही पेठेतला दलाल दलालच राहिला. बाजार शब्दाचे कूळ विचारत नाही. तो शब्द काम नेमके करतो की नाही, एवढेच पाहतो.

माझा प्रश्न या नेमकेपणाचाच आहे. इंग्रजीत 'डील' या शब्दाचा जुना अर्थ वाटा, आणि क्रियापद म्हणून वाटणे. पत्ते वाटण्याला तिकडे आजही हाच शब्द आहे. पुढे तो देण्याघेण्याकडे वळला. पण त्या भाषेत त्याच्या शेजारी घासाघिशीला, कराराला, विक्रीला वेगवेगळे शब्द उभे आहेत. आपण मात्र त्यांतला एकच उचलला आणि सगळ्या भावंडांचे काम त्याच्या गळ्यात बांधले.

आपल्या कलघटगीचेच उदाहरण घेऊ. येथील रंगीत लाकडी पाळणे दूरवर प्रसिद्ध आहेत. समजा, नातवाच्या बारशासाठी कोणी आजोबा पाळणा घ्यायला आले. ते प्रथम भाव विचारतात. मग घासाघीस होते. शब्दच सांगतो की येथे दोन्ही बाजू थोड्या थोड्या झिजतात. मग किंमत ठरते, तो ठराव. आजोबा काही रक्कम आगाऊ देतात, तो इसार. कारागीर अमुक दिवशी पाळणा देतो म्हणतो, तो वायदा. पाळणा हाती आला आणि उरलेले पैसे दिले, म्हणजे खरेदी पुरी झाली. पुढल्या नातवालाही त्याच घरचा पाळणा आणावा असे वाटले, तर त्या दोन घरांत व्यवहार आहे असे आपण म्हणतो. सहा पायऱ्या आणि सहा शब्द. मनुष्य कोणत्या पायरीवर उभा आहे, हे शब्दावरून कळते. 'डील झाले' म्हटल्यावर तो यांपैकी कोठे उभा आहे?

शिवाय प्रत्येक शब्दाला स्वतःची चव असते. कोल्हापूरला गुळाचे सौदे निघतात, सांगलीला हळदीचे निघतात. ते उघड्यावर, चार लोकांदेखत होतात. त्याच शब्दाला एक प्रत्यय लावून 'सौदेबाजी' केली की दाराआडचा वास येऊ लागतो. कामधंदा करणारा मुलगा शहाणा, पण 'हे काय धंदे चालवलेस?' म्हटले की तोच अपराधी. उद्योगी माणूस चांगला, नसते उद्योग वाईट. 'देवघेव' मालाची होते तशी विचारांचीही होते. या छटा कोणी ठरवून दिल्या नाहीत. बाजारात फसलेल्या आणि न फसलेल्या पिढ्यांनी त्या जमवल्या.

आता आपल्या सीमाभागातील एका शब्दाकडे लक्ष वेधतो. इसारालाच आपल्याकडे 'संचकार' म्हणतात आणि त्याच्या कागदाला संचकारपत्र. कन्नडातही हाच शब्द आहे. दोहोंचे मूळ संस्कृत 'सत्यंकार', म्हणजे बोलणे खरे करणे. याज्ञवल्क्यस्मृती सांगते की सत्यंकार म्हणून घेतलेले द्रव्य, बोलणे मोडल्यास, दुप्पट परत करावे. रक्कम थोडी असेल; पण तिने तोंडचे बोलणे सत्याच्या बाजूला आणून ठेवलेले असते. कन्नडात हा शब्द आणखी एका दिशेने गेला. 'प्राणक्के संचकार' म्हणजे जिवावरचे संकट. जणू मृत्यूने त्या जिवाचा इसार देऊन ठेवला आहे! एवढे काव्य बाजारातल्या शब्दात असू शकते.

पण मला काव्यापेक्षा नुकसानीची चिंता अधिक वाटते. जमिनीचे पैसे आगाऊ देऊन 'डील झाले' असे समजणारा मनुष्य जमीन आपली झाली असे मानू लागतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५४ स्पष्ट सांगते की विक्रीच्या नुसत्या करारामुळे त्या मालमत्तेत हक्क निर्माण होत नाही. शंभर रुपयांच्या वरच्या स्थावराची विक्री नोंदणी झालेल्या खतानेच होते. संचकारपत्र वेगळे आणि खरेदीखत वेगळे, हे दोन शब्द ज्याच्या जिभेवर आहेत, त्याला हा भेद कायदा न वाचताही ठाऊक असतो. शब्द हरवला की भेद हरवतो, आणि भेद हरवला की प्रथम गरिबाची जमीन हरवते.

शेवटी 'व्यवहार' या शब्दाविषयी. मराठीत तो पैशाचाही आहे आणि वागण्याचाही. 'त्याचा व्यवहार चोख आहे' या वाक्यात हिशेब आणि शील यांची फारकत करता येत नाही. धर्मशास्त्रात व्यवहार म्हणजे न्यायदानाची रीत. याज्ञवल्क्यस्मृतीचे तीन अध्याय आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त असे आहेत. हा क्रम मला फार अर्थपूर्ण वाटतो. आचार जवळ ठेवून व्यवहार करणाऱ्याला तिसरा अध्याय सहसा उघडावा लागत नाही.

या शाळेतून शिकून गेलेल्या तरुणांपैकी कोणी हुबळीच्या पेठेत असेल, कोणी पुण्या-मुंबईच्या कचेरीत. त्यांनी 'डील' जरूर म्हणावे. मात्र सही करण्यापूर्वी मनाशी एवढे विचारावे की ही घासाघीस आहे, वायदा आहे, संचकार आहे की विक्री? याचे उत्तर मराठीत देता आले, तर गुरुजींनी शिकवलेले वाया गेले नाही असे मी समजेन.