निरोप गेला, पण पोच आली का?

आजचा भाग शाहूवाडीतून, घरच्या सोप्यात बसून रेकॉर्ड करतोय. मागे रातकिडे ऐकू आले तर सांभाळून घ्या.

आमची मोटर कडवी नदीवर, घरापासून चारेकशे मीटर. रात्री थ्री फेज लाइट आली की आण्णा बॅटरी घेऊन निघणार. वय सत्तर, वाटेत साप. म्हणून मी आर्डुइनोला रेडिओ जोडला. एनआरएफ२४एल०१, २.४ गिगाहर्ट्झचा, लांब अँटेनावाला. त्याला वीज ३.३ व्होल्टचीच द्यायची. ५ दिली की संपला. वीज येते त्या दोन पिनांवर १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटरही लावा. नाहीतर निरोप पाठवताना व्होल्टेज पडतं आणि आपण कोडमधली चूक शोधत बसतो.

लावण लहान होती तोवर झकास चाललं. ऊस डोक्यावर गेला आणि निरोप गळायला लागले. पाल्यातलं पाणी ही लहर शोषून घेतं. एका रात्री मी ‘बंद’चं बटण दाबलं, घरच्या डबीवर ‘बंद’ दिसलं, झोपलो. पहाटे आण्णा म्हणाले, "आरं, मोटर चालूच हाय की!" नदीचं पाणी उतरलेलं, फूटव्हॉल्व्ह उघडा, मोटर रात्रभर कोरडी. सील जळलं.

चूक रेडिओची नव्हती. ही चिप पोच मागते, आणि लायब्ररीचं ‘राइट’ फंक्शन ती आली की नाही ते सांगतं. मी ते उत्तर वाचलंच नव्हतं. पाठवलं म्हणजे पोचलं, असं धरून चाललो.

आता लोरा लावलाय. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ. ठरलेल्या शक्तीच्या आत आपल्याकडे परवाना लागत नाही. लहर ३५ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणून अँटेनाची तार तिच्या पावपट, ८.६ सेंटिमीटर. वेग कमी, पण ‘चालू-बंद’ सांगायला वेग कशाला? मात्र साध्या लोरात पोच आपोआप येत नाही. तो कोड आपणच लिहायचा. माझा नदीवरचा बोर्ड मोटरचा करंट मोजून कळवतो. करंट घसरला, म्हणजे मोटर कोरडी. घरून दर मिनिटाला हाक जाते. सलग तीन हाका चुकल्या तर बोर्ड स्वतःच मोटर बंद करतो. रिले स्टार्टरला जोडायचं काम वायरमनकडूनच करून घ्या, तिथं ४१५ व्होल्ट असतात.

आण्णा आता डबीवरचा दिवा बघून झोपतात. परवा विचारत होते, "ह्यो दिवा डबीनं लावलाय का मोटरीनं?"

तुमच्या प्रोजेक्टलाही हेच विचारा. भेटू पुढच्या भागात.