लेकीला एवढं नक्की विचारा

आपल्या बचत गटांतल्या कितीतरी जणींच्या लेकी नर्सिंगला आहेत. दुसऱ्यांची सेवा करता करता त्या स्वतः का आजारी पडतात, ते आज बोलूया.

पहिला धोका वापरलेल्या सुईचा. घाईत सुईला परत टोपण लावताना ती बोटात शिरते. त्यातून हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्ही होऊ शकतो. रुग्ण उचलून कंबर धरते, उभं राहून पायांच्या शिरा फुगतात. सारखे हात धुऊन कातडीला भेगा पडतात. रात्रपाळीने झोप आणि पचन बिघडतं. माणसं कमी असली की एकीवर दोघींचं काम पडतं, मग हे सगळं वाढतं.

म्हणून लेकीला विचारा, हिपॅटायटिस बी लसीचे ३ डोस झाले का? सुई टोचली तर बोट पिळायचं नाही. साबण-पाण्याने धुवायचं आणि लगेच वरिष्ठांना सांगायचं. एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांच्या आत, जमेल तितकी लवकर सुरू करावी लागतात. ओरडा बसेल म्हणून लपवू नकोस, हे तिला आईनेच सांगावं.

आणि लसीकरणाच्या दिवशी आपण उपकेंद्रात सिस्टरच्या टेबलाभोवती गर्दी करायची नाही. रांग आपणच लावू.